माझा उजवा खांदा आणि इतर मूर्ख मंडळी

९ जानेवारी २०२३, सोमवार
आजपासून वही सुरू. हौस म्हणून नाही. किपने सांगितलं म्हणून.

किप रॅडमाकर हा माझा वकील. १९९९ साली शाळेत याला मीच गाडी शिकवली. दोनदा नापास. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावायला सांगितली की रडकुंडीला यायचा. आता हायवेवरच्या मोठ्या फलकावर हाताची घडी घालून उभा आहे. म्हणाला, सँडविक सर, रोज दोन ओळी लिहा. खांद्याला काय होतंय, शून्य ते दहामधला एक आकडा, आणि त्या दिवशी काय करता आलं नाही. बाकी काही लिहू नका आणि वही कोणाला दाखवू नका.

बाकी काही लिहू नका म्हणे! एकतीस वर्षं मास्तरकी केली मी. काय लिहायचं ते आता हा शिकवणार मला.

आकडा: २.

१० जानेवारी
नोंद असावी म्हणून अपघाताची हकीकत. १८ नोव्हेंबर, धान्याच्या कोठारापाशी जो चौक आहे तिथे. चारही बाजूंनी थांबायची पाटी. जो आधी पोचेल तो आधी निघणार, हा नियम. मी आधी पोचलो. उजवीकडून आर्डिस फ्येल्स्टाड आली. वय एकोणऐंशी, गाडी तिच्याहून थोडीच तरुण.

निघायचा हक्क माझा. पण आमच्या हॉल्डन गावात नियमाने आधी निघालात तर लोक शिष्ट म्हणतात. म्हणून मी हात केला, तुम्ही निघा. तिने हात केला, तू नीघ. मी पुन्हा केला. तिने पुन्हा केला. असं चारदा झालं. मागे दुधाचा टँकर उभा, त्याचा ड्रायव्हरही आम्हा दोघांना हात करतोय. शेवटी मी वैतागून निघालो, त्याच क्षणी तीही निघाली. उजव्या दारावर येऊन आदळली. शेजारच्या सीटवर मार्लिसने चर्चसाठी केलेल्या लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता. तो वाचवायला मी उजवा हात आडवा टाकला. वड्या वाचल्या.

पोलीस आला. आर्डिस म्हणाली, माझंच चुकलं हो, मेलीचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. मी म्हणालो, छे छे, माझंच. पोलिसाने वडीलधारी म्हणून तिचं आधी लिहून घेतलं. तिच्या विमा कंपनीच्या माणसाने नंतर फोनवर विचारलं, तुम्ही काही खूण केली होती का. मी म्हणालो, मी खुणा करणाऱ्यांतला नाही. ते खरंच आहे. एरवी मी करत नाही.

आकडा: २.

२३ जानेवारी
डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे पंचविशीतली पोरगी, पायात धावायचे बूट. कसं वाटतंय विचारलं. मी म्हणालो, ठीक. तक्रार नाही. परक्या माणसाला दुसरं काय सांगणार? ट्रॅक्टरखाली पाय गेला तेव्हा आमचे वडीलही 'तक्रार नाही' म्हणाले होते. पोरीने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर टाइप केलं. बोटं भराभर चालतात, डोकं किती चालतं ते देवाला ठाऊक.

फोटोत दिसतंय म्हणे की खांद्यातली, स्नायू हाडाला बांधून ठेवणारी शीर फाटली आहे. ऑपरेशन करून शिवावी लागेल, आणि जितका उशीर कराल तितकं अवघड. आमच्या आरोग्य विम्यात पहिले साडेसात हजार डॉलर आपल्या खिशातून जातात. मी म्हणालो, बघू.

येताना गाडी मार्लिसने चालवली. तिला सराव हवाच. संपूर्ण रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही. बायकोला माझं म्हणणं पटलं की ती अशी गप्प होते.

आकडा: १.

११ फेब्रुवारी
आयुष्याला शिस्त लावली आहे. केस डाव्या हाताने विंचरतो. मेंदू तरुण राहतो असं कुठेतरी वाचलंय. स्वेटर बंद, फक्त पुढे बटणं असलेले शर्ट. जास्त रुबाबदार दिसतं. बटणं मार्लिस लावते, तिला आवडतं. तीन आठवडे पलंगाऐवजी दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत झोपतो, कारण तिथून भिंतीवरचं घड्याळ नीट दिसतं. पहाटेचे दोन, तीन, चार, सगळे वाजताना बघितले. चारचा ठोका किंचित उशिरा पडतो.

मार्लिसने कपबश्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणल्या. स्वयंपाकघर तिचं, मी कशाला मध्ये पडू.

वहीत लिहिण्यासारखं विशेष काही नाही. आकडा: १.

४ मार्च
फूटभर बर्फ. अंगणातला रस्ता मी एकट्याने मोकळा केला, तोही एका हाताने. डाव्या. दोन तास पाच मिनिटं लागली. पूर्वी पस्तीस मिनिटांत व्हायचं, पण ते काम घाईचं असायचं.

अर्ध्यात व्हर्ल आला. व्हर्ल हा मार्लिसचा भाऊ, म्हणजे चालतीबोलती डोकेदुखी. पिकअपची काच खाली करून म्हणाला, दाजी, मशीन आणू का बर्फाची? मी म्हणालो, नको, काय झालंय मला? तो तिथेच बसून कॉफी प्यायला आणि गेला. या माणसाने जन्मात एक काम धड केलेलं नाही.

किपला दाखवण्यासारखा दिवस. जिद्द दिसते.

आकडा: व्हर्ल असताना ६, गेल्यावर ०.

१९ जून
किपचा फोन. समोरच्या विमा कंपनीने अडतीस हजार देऊ केले. आवाजात काय आनंद! सर, घ्या, म्हणाला. चूक आर्डिसबाईंची आहे असं ते आत्ता धरून चाललेत. त्यांना जास्त विचार करायला वेळ देण्यात आपला फायदा नाही.

मार्लिसने चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलं. किपचा तिसरा हिस्सा गेला, आधीची बिलं गेली, ऑपरेशनचे साडेसात गेले, तरी दहाएक हजार उरतात. म्हणाली, लोवेल, उद्याच डॉक्टरची तारीख घे. हात परत मिळतोय, आणखी काय हवं तुला?

हात परत मिळतोय! जणू हात कुठे गेला होता. इथेच आहे, फक्त मी तो वापरत नाही. आणि सुरुवातच अडतीसपासून करतात याचा अर्थ कंपनी घाबरलेली आहे. समोरचं पोरगं खोटं बोलतंय का हे ओळखण्यात माझी एकतीस वर्षं गेली. कळवलं, विचार करतो.

२२ जून
पेट्रोल पंपावर सकाळची कॉफी. व्हर्ल तिथे रोज सात ते दहा ज्ञान वाटत बसलेला असतो. म्हणाला, दाजी, अडतीस म्हणजे थट्टा आहे तुमची. वॉटर्लूच्या माझ्या एका मित्राला नुसती मान लचकली तर अडीच लाख मिळाले. ताणून धरा.

व्हर्लच्या सल्ल्यावर चालणारा माणूस रसातळाला जाईल. त्याचा स्वतःचा कोंबड्यांचा धंदा आठ महिन्यांत बसला. मी घरी येऊन शांतपणे, स्वतंत्र बुद्धीने विचार केला आणि दोन लाख साठ हजारांवर आलो.

३० जून
किपला आकडा सांगितला. फोनवर बराच वेळ शांतता. याला मी आदर म्हणतो.

मग म्हणाला, सर, तुमच्या डॉक्टरच्या कागदांवर सहा वेळा 'तक्रार नाही' असं लिहिलंय. ऑपरेशन तुम्ही केलेलं नाही. दोन लाख साठ कशाच्या जोरावर मागू? एक तर ऑपरेशन करून घ्या, नाहीतर कृपा करून डॉक्टरकडे जाऊन तक्रार करा.

मी सुनावलं. म्हणालो, पैशासाठी पाळण्यातल्या पोरासारखा कुरकुरणार नाही मी. तो म्हणाला, सर, आपला सगळा दावाच कुरकुरीचा आहे.

दोनदा नापास झालेल्याकडून आणखी काय ऐकायला मिळणार.

१७ सप्टेंबर, रविवार
कंपनीने एक्केचाळीस हजार केले आणि वर म्हणाली, हे शेवटचं. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्या.

चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफी. आर्डिस दर रविवारप्रमाणे माझ्यापाशी आली, बशीत दोन वड्या घेऊन. लहानपणी रविवारच्या शाळेत तिने मला शिकवलंय, म्हणून अजून मी तिच्या लेखी सात वर्षांचा. विचारते, कसा आहे रे हात? मी म्हणालो, ठीक आहे, आर्डिसबाई. तक्रार नाही. बशी डाव्या हाताने घेतली. मार्लिस उठली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली.

घरी आल्यावर म्हणाली, डॉक्टरचा पुन्हा फोन आला होता. शीर आत आकसत चाललीय, हिवाळ्याच्या आत शिवा. मी म्हणालो, ज्यांनी फाडली त्यांनी आधी पैसे टाकावेत, मग शिवू. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुझं तत्त्व तुझ्या खांद्याला कळतं का रे?

बायकांशी तत्त्वावर बोलू नये.

२९ सप्टेंबर
किपला कळवलं: नाही. कोर्टात चला. तो म्हणाला, सर, पुन्हा एकदा विचार करा. मी म्हणालो, मी एकदाच करतो, नीट करतो.

आकडा: १. निर्णय घेतल्यामुळे असेल.

२० नोव्हेंबर
आर्डिसला महिन्याच्या सुरुवातीला कोर्टाचे कागद पोचले. त्या रविवारी भेटली तेव्हा म्हणाली, तुझ्या वकिलाने किती छान टाइप केलंय रे. मग हळूच विचारलं, लोवेल, मी गाडी चालवणं सोडू का? तुला बरं वाटेल? मी म्हणालो, तुमचं तुम्ही बघा.

सोडली तिने. रविवारी पावणेनऊला आमच्या खिडकीसमोरून चालत चर्चला जाते. बर्फात काठी टेकत टेकत. नाटक.

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार
उद्या जबानी. कोर्टात नाही, किपच्याच ऑफिसात. विमा कंपनीची वकील मला प्रश्न विचारणार, एक बाई शब्द न् शब्द मशीनवर टिपून घेणार. आर्डिसला हजर राहायचा हक्क आहे. येणार म्हणते.

किपने तासभर डोकं खाल्लं. विचारलं तेवढंच बोला, सर. जास्तीचं काही सांगू नका. खांद्याबद्दल विचारलं की खरं सांगा. देवाची शपथ, एकदा तरी कुरकुर करा.

माझी स्वतःची योजना तयार आहे. ही वही. एकशे बारा पानं झाली. किपने मध्यंतरी दोनदा मागितली, मी म्हणालो, पूर्ण झाली की देतो. उद्या ऐन वेळी टेबलावर ठेवणार. एवढ्या शिस्तीने लिहिलेली वही त्यांनी जन्मात बघितली नसेल. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे.

१३ फेब्रुवारी
जबानी झाली.

१४ फेब्रुवारी
काल लिहावंसं वाटलं नाही.

त्यांची वकील, हचिन्स नावाची. पन्नाशीची, चष्मा साखळीला. सुरुवातीला अगदी गोड. मिस्टर सँडविक, त्रासाची काही नोंद ठेवलीत का? हीच ती वेळ. मी वही काढून टेबलावर ठेवली. किपने हात पुढे केला, पण त्याचे हात पहिल्यापासून मंदच. बाईंनी आधी उचलली. अक्षराचं कौतुक केलं. मग अर्धा तास सुट्टी घेऊन पानांच्या नकला काढल्या. त्या अर्ध्या तासात किप माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या आपल्याच वकिलीच्या सर्टिफिकेटकडे बघत होता. ते खरंच आहे ना, अशी शंका आल्यासारखा.

सुट्टीनंतर बाईंनी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. १० जानेवारी. मी हात केला, तिने हात केला, चारदा, शेवटी वैतागून मी निघालो. मग कंपनीला दिलेला जबाब वाचला, मी खुणा करणाऱ्यांतला नाही. विचारलं, यातलं खरं कुठलं?

मी काही बोलायच्या आत आर्डिसच बोलली. तिला बोलायची परवानगी नव्हती. म्हणाली, केला होता हो त्याने हात. मीही केला. लहानपणापासून वळण चांगलं आहे त्याला. टिपून घेणारी बाई मशीनवरचे हात थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

मग बर्फाचं पान. दोन तास पाच मिनिटं. मग डाव्या हाताने केस विंचरणं, मेंदू तरुण ठेवणं, घड्याळ. मग नोव्हेंबरचं पान. 'बर्फात काठी टेकत टेकत. नाटक.' ते वाचताना खुद्द हचिन्सबाईंचा आवाज खाली गेला. काठी खुर्चीला टेकून ठेवली होती, ती आर्डिसने पायाशी आडवी ठेवली.

शेवटी बाई म्हणाल्या, मिस्टर सँडविक, एकशे बारा पानं आहेत. 'दुखणं' हा शब्द तुमच्या मेव्हण्याच्या बाबतीत अकरा वेळा येतो. खांद्याच्या बाबतीत एकदाही येत नाही. बरोबर?

मी म्हणालो, मोजलं नाही.

१ मार्च
एक्केचाळीस मागे घेतले. आता म्हणतात, चूक निम्म्याहून जास्त तुमचीच होती, आणि ज्याची चूक निम्म्याहून जास्त त्याला आमच्या राज्यात दमडीही मिळत नाही. तरी कटकट नको म्हणून चार हजार. शुक्रवारपर्यंत.

मार्लिसला म्हणालो, चार हजार माझ्या तोंडावर फेकतात. ती भांडी घासत होती. वळली नाही. म्हणाली, तुझ्या तोंडामुळेच चारवर आले.

८ मार्च
सही केली. याच्यापुढे या खांद्याबद्दल कोणाकडे, कधीही, काहीही मागणार नाही, असं लिहून दिलं.

किप म्हणाला, सर, माझा हिस्सा राहू द्या. तुम्ही माझे शिक्षक. मी म्हणालो, सँडविक कोणाची दया घेत नाही. मग त्याने घेतला. हॉस्पिटलने आपलं घेतलं. उरले दोनशे बारा डॉलर. चेक मार्लिसने पर्समध्ये टाकला, बघितलासुद्धा नाही.

डाव्या हातानेही माझी सही बरी येते, हे कळलं.

२० मार्च
डॉक्टर पोरगी. तेच बूट. पुन्हा फोटो काढले. शीर फार मागे गेली आहे आणि स्नायू सुकलाय. आता शिवून टिकेलच असं सांगता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात जमलं असतं. हे ती माझ्याकडे न बघता बोलली, कॉम्प्युटरकडे बघून. मग विचारलं, कसं वाटतंय?

मार्लिस शेजारी होती. मी म्हणालो, ठीक.

पोरीने टाइप केलं नाही.

२४ मार्च, रविवार
चर्च. शर्टाचं मधलं एक बटण मार्लिसकडून राहिलं, तिचंही लक्ष नसतं हल्ली. प्रार्थना लांबली. पाद्री बोलायला लागला की थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही.

नंतर कॉफी. आर्डिस येणार नाही असं वाटलं होतं. जबानीपासून पाच रविवार मीच तिला चुकवत होतो, खांबापलीकडे उभा राहून. आज खांबापाशी व्हर्ल उभा होता. आर्डिस, एका हातात दोन वड्यांची बशी, दुसऱ्या हातात काठी, अशी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कसा आहे रे हात?

तोंड उघडलं ते 'ठीक' म्हणायलाच. त्यात आता नफा नव्हता, तोटाही नव्हता. सही झालेली, वही बंद, सगळे कागद कपाटात. आणि तोंडातून निघालं, दुखतो, आर्डिसबाई. रात्रंदिवस दुखतो. वर जातच नाही. सव्वा वर्ष पलंगावर झोपलेलो नाही मी. शर्ट बायको घालून देते.

शेजारची बोलणी थांबली. मार्लिसने कप खाली ठेवला.

आर्डिसने बशी टेबलावर ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही, चुकलेल्या पोराची वही तपासावी तसं.

म्हणाली, अरे, मग आधी सांगायचंस ना. मी तर दर रविवारी विचारत होते.